वाचकांचे प्रश्न : नदीपलीकडून वाजणारे ‘बिग एट’

गेल्या अंकातील नभोवाणीविषयक टिपणात कॅनडाच्या सीकेएलडब्ल्यू या केंद्राचा ‘एका देशात बसून दुसऱ्या देशाचे कान काबीज करणारे केंद्र’ असा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर वाचकांनी बरीच पृच्छा केली. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली असून एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी डेट्रॉईटजवळ राहते. तिच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ आपल्या तरुणपणीचे आवडते रेडिओ स्टेशन म्हणून याच कॅनेडियन केंद्राचे नाव घेतात. डेट्रॉईटसारख्या मोठ्या शहराला स्वतःची केंद्रे नव्हती काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : होती, आणि चांगली चालणारी होती. तरीही त्या गृहस्थांचे म्हणणे खरे आहे. नकाशावर पाहिल्यास कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील विंडसर हे गाव डेट्रॉईटच्या दक्षिणेला येते. म्हणजे तेथे कॅनडाला जायचे तर दक्षिणेकडे जावे लागते. मध्ये केवळ एक नदी आहे. १९२९ मध्ये तिच्यावर अॅम्बॅसेडर पूल उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी नदीखालचा बोगदा सुरू झाला. विंडसरची वस्ती १९७० च्या सुमारास दोन लाखांच्या आसपास होती, तर समोरचे डेट्रॉईट १९६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेतील पाचवे मोठे शहर होते. ज्याला नभोवाणीचा व्यवसाय करायचा आहे, त्याची नजर नदीपलीकडे जाणार हे उघड आहे.

हे केंद्र २ जून १९३२ रोजी सीकेओके या नावाने सुरू झाले. पुढच्या वर्षी ओंटारिओतील लंडन या शहराच्या केंद्राशी त्याची भागीदारी झाली आणि लंडन व विंडसर यांची आद्याक्षरे घेऊन सीकेएलडब्ल्यू हे नाव आले. भागीदारी लवकरच मोडली, पण नाव टिकले. १९४१ मध्ये उत्तर अमेरिकेतील देशांनी आपापसांत लहरींची फेरवाटणी केली, तेव्हा केंद्राला ८०० किलोहर्ट्झ ही लहर मिळाली, आणि १९४९ मध्ये त्याची शक्ती ५० किलोवॅट झाली. अमेरिकेतील मोठमोठ्या केंद्रांनाही याहून अधिक शक्तीची परवानगी नव्हती, एवढे सांगितले म्हणजे विंडसरच्या हाती काय आले होते याची कल्पना येईल. त्यानंतर केंद्राची मालकी आरकेओ जनरल या अमेरिकी कंपनीकडे गेली. जागा कॅनडाची, मालक अमेरिकी आणि श्रोतेही बहुतांश अमेरिकी, असा हा विलक्षण संसार होता.

खरी झेप मात्र १९६७ च्या एप्रिलमध्ये घेतली गेली. बिल ड्रेक या कार्यक्रम-सल्लागाराने लॉस एंजेलिसच्या केएचजे या केंद्रावर १९६५ पासून एक नवी पद्धत रूढ केली होती आणि आरकेओने तीच विंडसरला आणली. पद्धतीचे सूत्र साधे होते : गाणी मोजकी, साधारण तीस, आणि तीच फिरून फिरून वाजवायची, निवेदकाने गाण्याच्या आरंभीच्या वाद्यमेळावर बोलावे आणि गायकाचा पहिला शब्द येण्यापूर्वी थांबावे, जाहिरातींना मर्यादा असावी, आणि दोन गाण्यांमध्ये केंद्राचे नाव सुरात गाणारी दोन-तीन सेकंदांची धून असावी. हे सारे ऐकायला सोपे वाटते, परंतु दिवसभर एकही क्षण रिकामा जाऊ न देता ते पार पाडण्यासाठी निवेदक आणि तंत्रज्ञ यांची तालीम लागते. ‘बिग एट’ हे टोपणनावही याच काळातले, ८०० च्या लहरीवरून पडलेले. काही महिन्यांतच डेट्रॉईटच्या श्रोतृगणनेत या केंद्राने पहिल्या स्थानावर दावा सांगितला. तोपर्यंत शहरातील तरुणांचे आवडते केंद्र डब्ल्यूकेएनआर होते. त्याचे कार्यक्रम कमी दर्जाचे नव्हते. पण त्याची शक्ती पाच किलोवॅट होती आणि रात्री उपनगरांतही त्याचा आवाज क्षीण होत असे. १९७२ मध्ये त्याने लोकप्रिय गाण्यांचे प्रसारण सोडून दिले.

प्रश्न : एकाच केंद्राचा आवाज इतक्या दूर कसा पोहोचत असे? आमच्याकडे एफएम जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे गेले की खरखर सुरू होते. – एक वाचक, सांगली

उत्तर : एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे क्षितिज किंवा डोंगर आडवा आला की त्या संपतात. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीला धरून पुढे सरकतात आणि सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवर आदळून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. आपल्याकडेही रात्री दूरची आकाशवाणी केंद्रे लागतात, ती याच कारणाने.

सीकेएलडब्ल्यूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ८०० किलोहर्ट्झवर पहिला हक्क मेक्सिकोचा होता, म्हणून विंडसरला रात्री त्या दिशेचा आवाज आखडता घ्यावा लागे. अशा वेळी एका मनोऱ्याने भागत नाही. अनेक मनोरे विशिष्ट अंतरावर उभारून लहरी हव्या त्या दिशेला वळवाव्या लागतात. या केंद्राचे पाच मनोरे विंडसरच्या दक्षिणेला, ईरी सरोवराच्या बाजूच्या सपाट शेतजमिनीवर आहेत. त्यामुळे डेट्रॉईटबरोबरच ओहायो राज्यातील टोलिडो आणि सरोवराच्या पलीकडचे क्लीव्हलँड येथेही त्याचा मोठा श्रोतृवर्ग तयार झाला. शिवाय डेट्रॉईट हे मोटारींचे शहर. त्या काळच्या बहुतेक मोटारींत केवळ मीडियम वेव्हचाच रेडिओ बसवलेला असे, हे विसरून चालणार नाही.

प्रश्न : कोणते गाणे वाजवायचे हे कोण ठरवत असे? निवेदक की कंपनी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दोघेही नाहीत. १९६८ पासून १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत हा निर्णय रोझाली ट्रॉम्ब्ली या बाईंचा होता, आणि या केंद्राच्या इतिहासात जर एकच नाव घ्यायचे असेल तर ते त्यांचे घ्यावे लागेल. १९३९ मध्ये ओंटारिओतील लीमिंग्टन येथे जन्मलेल्या रोझालीबाई १९६३ मध्ये केंद्राच्या टेलिफोन-फलकावर कामाला लागल्या. तेथून त्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहात गेल्या आणि तेथून संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. अमेरिकी नभोवाणीत तेव्हा हे पद जवळपास सर्वत्र पुरुषांकडे होते. तीन मुलांना एकट्याने वाढवत त्यांनी ते सांभाळले.

त्यांना वाद्य वाजवता येत नव्हते की संगीताचे शास्त्रीय शिक्षण नव्हते, यावर लेखक मंडळी फार रमतात. आम्हांला त्यांची कामाची रीत अधिक महत्त्वाची वाटते. दर आठवड्याला डेट्रॉईट परिसरातील रेकॉर्डच्या दुकानांकडून कोणती तबकडी किती विकली जाते याची माहिती मागवायची, श्रोत्यांचे फर्माईशीचे दूरध्वनी मोजायचे, आणि शहरातील इतर केंद्रांवर, विशेषतः कृष्णवर्णीयांसाठी चालणाऱ्या केंद्रांवर, काय वाजते आहे याकडे कान ठेवायचा, अशी ती रीत होती. दुकानांतून वाटल्या जाणाऱ्या ‘बिग थर्टी’ या छापील यादीत गाणे चढते की उतरते, हे त्यावर ठरे. कंपन्यांचे प्रतिनिधी त्यांच्या दाराशी खेटे घालत, कारण विंडसरच्या यादीत आलेली तबकडी डेट्रॉईटमध्ये विकली जाई आणि डेट्रॉईटमध्ये विकली गेलेली तबकडी देशभरातील केंद्रे उचलत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एल्टन जॉन यांचे आहे. १९७३ च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या दोन तबकड्यांच्या संचातील ‘बेनी अँड द जेट्स’ हे गाणे स्वतंत्र तबकडी म्हणून काढावे असे खुद्द गायकाला वाटत नव्हते. परंतु डेट्रॉईटमध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांना ते आवडते आहे, ही गोष्ट रोझालीबाईंच्या ध्यानात आली आणि त्यांनी ते आपल्या यादीत घेतले. फर्माईशींचा ओघ सुरू झाला, कंपनीला तबकडी काढावी लागली, आणि एप्रिल १९७४ मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत पहिली आली. एका गोऱ्या इंग्रज गायकाचे गाणे कृष्णवर्णीय संगीताच्या यादीतही पहिल्या पंधरांत पोहोचले. गोऱ्यांचे गाणे आणि काळ्यांचे गाणे अशी विभागणी त्या काळी अमेरिकी नभोवाणीत सर्रास होती. विंडसरच्या केंद्राने मोटाउन कंपनीचे आणि इतर सोल संगीत, म्हणजे कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय संगीत, गोऱ्यांच्या रॉकला लागून वाजवले, आणि दुकानातील गल्ल्याने आपले म्हणणे खरे असल्याचे दाखवून दिले. मोटाउन ही कंपनी १९५९ मध्ये डेट्रॉईटमध्येच स्थापन झाली होती, तेव्हा हे संगीत नदीपलीकडच्या घराघरांतले होते. सोल वाजवणे हा रोझालीबाईंचा उदारपणा नव्हता, तो शेजाऱ्याच्या आवडीचा अचूक हिशेब होता, असे आमचे मत आहे. डेट्रॉईट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनचे गायक बॉब सीगर यांनी १९७३ मध्ये रोझालीबाईंच्या नावाचे एक गाणेच रचले.

प्रश्न : संगीताच्या केंद्रावर बातम्यांना काय स्थान होते? या केंद्राच्या बातम्या फार भडक असत असे वाचनात आले. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : खरे आहे. परवान्याच्या अटींमुळे बातम्या देणे भाग होते आणि गाण्यांसाठी आलेला श्रोता बातम्या लागताच दुसरीकडे जातो, ही प्रत्येक केंद्राची डोकेदुखी होती. येथे बातम्या तासाच्या ठोक्याला न देता तासानंतर वीस मिनिटांनी आणि पुढच्या तासाला वीस मिनिटे उरली असताना दिल्या जात. म्हणजे इतर केंद्रे बातम्या देत असताना येथे गाणे वाजत असे. बातमीची भाषाही गाण्याच्या वेगाला साजेशी, अनुप्रासांनी भरलेली आणि रक्ताळलेली असे. खून-दरोड्यांचे शहर म्हणून डेट्रॉईटची जी प्रतिमा झाली, तिला या बातम्यांनी हातभार लावला, हा आक्षेप आम्हांला रास्त वाटतो. पण जुलै १९६७ मध्ये डेट्रॉईटमध्ये दंगल उसळली आणि ४३ माणसे मृत्यू पावली, तेव्हा याच वृत्तविभागाने नदीकाठावरून धूर दिसत असताना दिवसरात्र काम केले, हेही नोंदवले पाहिजे.

वृत्तविभागाचे पुढचे प्रमुख बायरन मॅकग्रेगर यांचा खर्जातला आवाज इतका परिचित झाला की, टोरांटोचे समालोचक गॉर्डन सिंक्लेअर यांनी अमेरिकेच्या बाजूने लिहिलेले एक भाषण त्यांनी संगीताच्या साथीने वाचले, त्याची तबकडी निघाली आणि १९७४ च्या आरंभी ती अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. बातम्या वाचणाऱ्याने गाण्यांच्या यादीत शिरावे, आणि अमेरिकेची स्तुती कॅनेडियन माणसाने करावी, हे या केंद्राच्या स्वभावाला धरूनच झाले. हेलिकॉप्टरमधून वाहतुकीची माहिती देणाऱ्या उत्तर अमेरिकेतील पहिल्या स्त्रियांमध्ये गणल्या जाणाऱ्या जो-जो शटी-मॅकग्रेगर याही याच केंद्राच्या.

प्रश्न : इतके यशस्वी केंद्र मागे कसे पडले? कॅनडाच्या सरकारने देशी गाण्यांची सक्ती केली म्हणून, असे एका ठिकाणी वाचले. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हे उत्तर अर्धे बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे.

कॅनडापुढचा प्रश्न खरा होता. शेजारच्या मोठ्या देशाची गाणी, चित्रपट आणि वृत्तपत्रे सीमेवरून अखंड वाहत येत असताना आपल्या गायकाला आपल्याच नभोवाणीवर जागा मिळत नाही, ही तक्रार जुनी होती. प्रथम परकीय मालकीवर बंधन आले. प्रसारण कंपन्यांतील परकीय हिस्सा वीस टक्क्यांपुरता मर्यादित झाला आणि १९७० मध्ये आरकेओला हे केंद्र टोरांटोच्या बॅटन ब्रॉडकास्टिंगला विकावे लागले. पाठोपाठ जानेवारी १९७१ पासून सकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंत वाजणाऱ्या गाण्यांपैकी तीस टक्के गाणी कॅनेडियन असावीत असा नियम लागू झाला. गाणे कॅनेडियन ठरण्यासाठी संगीतकार, कलावंत, ध्वनिमुद्रणाची जागा आणि गीतकार या चारांपैकी दोन तरी कॅनडाचे असणे आवश्यक होते.

टोरांटो किंवा व्हँकुव्हरच्या केंद्रांना हा नियम सर्वांना सारखाच होता. विंडसरला तो एकट्यालाच होता, कारण त्याचे स्पर्धक नदीपलीकडे होते आणि त्यांच्यावर कसलेच बंधन नव्हते. डेट्रॉईटच्या श्रोत्याला आवडेल असे सोल संगीत कॅनडात फारसे निघत नव्हते. रोझालीबाईंनी यातूनही वाट काढली. नियम येण्यापूर्वीच, १९६९ मध्ये, विनिपेगच्या ‘द गेस हू’ या वाद्यवृंदाला अमेरिकेत पाय रोवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नियम आल्यावर त्यांनी कॅनेडियन गाण्यांतूनही डेट्रॉईटमध्ये खपतील अशीच निवडली, आणि गॉर्डन लाइटफूट, अॅन मरी, बॅकमन-टर्नर ओव्हरड्राइव्ह यांची नावे अमेरिकी घरांत रुळली. नियम करणाऱ्यांनी कॅनेडियन श्रोत्याचा विचार केला होता; अमेरिकी श्रोत्याला कॅनेडियन गाणे ऐकवणारे त्यांचे सर्वांत प्रभावी साधन हेच केंद्र ठरेल, याचा विचार केलेला दिसत नाही.

नियमानंतरही केंद्र काही वर्षे भरभराटीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ तीस टक्क्यांवर खापर फोडता येत नाही. घाव पडला तो एफएमचा. एफएमचा आवाज स्वच्छ, त्यात खरखर नाही आणि संगीत दोन कर्ण्यांतून विभागून ऐकू येते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एफएमच्या श्रोत्यांची संख्या मीडियम वेव्हच्या श्रोत्यांपेक्षा अधिक झाली. डेट्रॉईटच्या कंपन्यांनी आपली हिट गाणी एफएमवर नेली. सीकेएलडब्ल्यूच्या मालकांकडेही ९३.९ मेगाहर्ट्झचे एफएम होते. मग त्यांनी तेच का केले नाही? तर कॅनडाच्या प्रसारण आयोगाचे धोरण असे होते की एफएमने मीडियम वेव्हची नक्कल करू नये, तेथे वेगळे आणि अधिक गंभीर कार्यक्रम असावेत. म्हणून १९७५ च्या धोरणाने एफएमवर हिट गाण्यांचे प्रमाण आणि एकाच गाण्याची पुनरावृत्ती यांवर मर्यादा घातली. ज्या केंद्राचे सारे वैभव हिट गाण्यांच्या पुनरावृत्तीवर उभे होते, त्याला पलीकडच्या तीरावर जाण्याची नावच मिळाली नाही. आमच्या मते केंद्राच्या ऱ्हासाचे मुख्य कारण तीस टक्क्यांचा नियम नसून हे एफएम धोरण होते, कारण पहिल्या अडचणीवर कल्पकतेने मात करता आली, दुसरीवर करता येण्याजोगी नव्हती. १९८४ च्या अखेरीस मोठी नोकरकपात झाली आणि १९८५ च्या आरंभी ८०० च्या लहरीवर जुन्या वाद्यवृंदांच्या काळातील गाणी यंत्राद्वारे वाजू लागली.

प्रश्न : हे वाचताना रेडिओ सिलोनची आठवण झाली. दोन्ही गोष्टी एकच म्हणाव्यात काय? – एक वाचक, इंदूर

उत्तर : साम्य आहे, परंतु कारणे उलट आहेत. १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली तेव्हा नभोवाणीमंत्री पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर होते, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिची क्रमवारीही रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती पाहून ठरवली जाई, म्हणजे कोलंबोची रीत विंडसरच्या रीतीपेक्षा फार निराळी नव्हती.

फरक असा की आपल्याकडे श्रोत्यांच्या देशाने दार लावले आणि श्रोते शेजारच्या देशाकडे गेले. तिकडे श्रोत्यांच्या देशाची काहीच हरकत नव्हती, प्रसारण करणाऱ्या देशानेच आपल्या केंद्राला वेसण घातली. सिलोनचे हिंदी प्रसारण पहिल्यापासून परदेशी श्रोत्यांसाठी आणि जाहिरातींच्या उत्पन्नासाठी होते, त्यामुळे तेथील सरकारला त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. सीकेएलडब्ल्यूचा परवाना मात्र विंडसरच्या नागरिकांची सेवा करण्यासाठी होता आणि कॅनडाचे अधिकारी त्याच अटीवर बोट ठेवत होते. परिणामही वेगळे झाले. भारताने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून श्रोते परत मिळवण्याचा प्रयत्न केला आणि तो बराचसा साधलाही. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७ मध्ये, मुंबई, पुणे आणि नागपूर येथून. म्हणजे ‘बिग एट’ डेट्रॉईट जिंकत होते त्याच वर्षी. डेट्रॉईटला अशा सरकारी उत्तराची गरजच पडली नाही. त्याच्या एफएम केंद्रांनी बाजाराच्या जोरावर ते काम केले.

प्रश्न : ते केंद्र आज आहे काय? रोझाली ट्रॉम्ब्ली यांचे पुढे काय झाले? – एक वाचक, पणजी

उत्तर : केंद्र आहे. ८०० किलोहर्ट्झवर, त्याच नावाने, बातम्या आणि चर्चा यांना वाहिलेले, आणि मुख्यतः विंडसरच्या स्थानिक प्रश्नांवर बोलणारे. गाण्यांच्या काळावर २००४ मध्ये एक माहितीपट निघाला असून जुन्या ‘बिग थर्टी’ याद्या संग्राहक जपून ठेवतात. रोझालीबाईंनी १९८४ मध्ये केंद्र सोडले आणि काही काळ डेट्रॉईट व टोरांटो येथील केंद्रांवर काम केले. कॅनडाच्या जुनो या संगीत पुरस्कारांमध्ये २०१६ मध्ये त्यांचा विशेष कामगिरीबद्दल गौरव झाला. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, आणि २०२३ मध्ये विंडसर शहराने नदीकाठी त्यांचा पुतळा उभारला. आपली मंडळी डेट्रॉईटला जाणारच असतील तर पूल ओलांडून तो जरूर पाहावा. कॅनडाचा व्हिसा मात्र आधी तपासून घ्यावा.